सासूचं नाव

रविवारची मिस्सा संपली तरी पालुआनचे लोक घरी जात नसत. बायका चर्चच्या डाव्या अंगाला आणि पुरुष उजव्या अंगाला नीरफणसाच्या सावलीत सुपारी फोडत बसत. मग स्कोलास्टिका पायरीवर येऊन उभी राही. मिशनच्या शाळेत सातवी-आठवीचा वर्ग तिच्याकडे होता. आठवडाभराची शाळेची खबर ती तिथूनच देई. कागदावर लिहून घरोघरी पाठवण्यात अर्थ नव्हता. बेटावर आलेल्या कुठल्याही कागदात शेवटी तंबाखूच गुंडाळला जाई.

"अल्फोन्सचं गणित सुधारलंय," ती सांगे. "पण पोर वर्गात पेंगतं. घरच्यांनी त्याला रात्री मासे मारायला नेऊ नये."

"मग मासे तुम्ही मारणार का, बाई?" पुरुषांच्या बाजूने अल्फोन्सचा बाप विचारी.

"मारते की. तू येऊन भागाकार शिकव."

लोक हसत. हसता हसता दोन शब्द कानात राहिले तर राहिले, असा तिचा हिशेब होता. ती तीन बेटं पलीकडची. लग्न होऊन पालुआनला आली तेव्हा तिला इथे कोणी ओळखत नव्हतं. पायरीवरच्या या खबरीनेच तिला गावात जागा मिळवून दिली होती.

आठवीच्या पोरांची नावं घेताना एका पोरीपाशी ती नाव बदलून घेई, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नसे. ती तिच्या थोरल्या दिराची, थॉमसची मुलगी. पोरीचं नाव न्यालेन. आजीचं नाव नातीला ठेवलं होतं आणि ती आजी म्हणजे स्कोलास्टिकाची सासू. सुनेने सासूचं नाव घ्यायचं नाही. सासरच्या माणसांना जे म्हणतात, तांबू, तोच शब्द मनाईलाही आहे. म्हणायला एकच शब्द, आणि पाळायलाही एकच. फादरांनी बाप्तिस्म्याला दिलेल्या नावांना ही मनाई नव्हती. ती नावं पुस्तकातली, कोणाचीही असू शकतात. पूर्वजांकडून आलेलं नाव मात्र त्या माणसाचं अंगच. म्हणून स्कोलास्टिका पोरीला बाप्तिस्म्याच्या नावाने हाक मारी, उर्सुला. आणि हजेरी घेताना नुसतं तिच्याकडे बघे. पोरगी "हो, बाई" म्हणे आणि हजेरी पुढे सरके.

उर्सुला हुशार होती. हुशार पोरं बेटावर आणखीही होती, पण हिला शिकायची भूक होती. सागोच्या झाडाचा गाभा कुटून पीठ काढायला आईबरोबर दलदलीत जाई तेव्हाही पुस्तक पानात गुंडाळून नेई. पालुआनची पोरगी नववीला मोठ्या बेटावरच्या मुलींच्या वसतिगृहात गेली, असं स्कोलास्टिकाच्या काळात एकदाही झालं नव्हतं. ही जाईल असं तिने मनाशी धरलं होतं. घरी मात्र कोणाला बोलून दाखवलं नव्हतं.

नववीच्या प्रवेशपरीक्षेची नावं दरवर्षी मुख्याध्यापक, ब्रदर क्लेमेन्स, स्वतः लिहून बोटीने शहरातल्या शिक्षण कार्यालयात पाठवत. त्या वर्षी ते तापाने अंथरुणाला खिळले. "टेकडीवर जा आणि फोनवर नावं सांगून टाक," ते स्कोलास्टिकाला म्हणाले. "तिकडचे उतरवून घेतील."

फोनला आवाज यायचा तो फक्त गावामागच्या टेकडीवर, वाकड्या नारळापाशी. तिथे कधीही जा, चार माणसं फोन उंच धरून उभी असायची. त्या दिवशी तिथे तिचा नवरा सापाक होता, थोरला दीर होता, दिराची दोन पोरं होती. स्कोलास्टिकाने एकेक नाव सांगितलं. पोरीचं नाव घ्यायची वेळ आली तशी ती सवयीने म्हणाली, "उर्सुला थॉमस." दर रविवारी म्हणायची तसंच. पलीकडच्याने ते लिहून घेतलं. क्षणभरही तिच्या मनात आलं नाही की पोरीच्या जन्माच्या दाखल्यावर आणि सहावीपर्यंतच्या सगळ्या कागदांवर हे नाव कुठेच नाही. टेकडीवर उभ्या असलेल्या कोणाच्याच मनात ते आलं नाही. तिच्या तोंडी दुसरं नाव असणार तरी कसं?

परीक्षेला उर्सुलाच्या बाकावर उर्सुला थॉमस अशी चिठ्ठी लावलेली होती. पोरीने तेच नाव पेपरावर लिहिलं.

निकाल आला तो वायव्येचा वारा सुटल्यावर. समुद्र खवळलेला आणि बोटी वर ओढून ठेवलेल्या. आरोग्यकेंद्रातल्या माणसाने टेकडीवरून निकाल ऐकून आणला आणि रविवारी स्कोलास्टिकाने पायरीवरून सांगितला. "आपल्या वर्गातून एकजण नववीला निवडली गेली. उर्सुला." बायकांनी जीभ हलवून आरोळी दिली. थॉमस उजव्या बाजूला मान खाली घालून बसला होता. त्याने सुपारीत चुना जरा जास्तच घेतला आणि त्याचं तोंड भाजलं.

"बापाचं तोंड भाजलं, आता पोरीला काय निरोप देणार?" कोणीतरी म्हणालं.

थॉमस रडतोय की चुन्याने डोळ्यांत पाणी आलंय हे कळायला मार्ग नव्हता.

पुढच्या आठवड्यात दुसरा निरोप आला. उर्सुला थॉमस नावाच्या विद्यार्थिनीची नोंद सापडत नाही. नाव चुकलं असेल तर वर्गशिक्षकांनी शुक्रवारच्या आत खरं नाव कळवावं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. ब्रदर क्लेमेन्सना तोवर इस्पितळाच्या विमानाने राजधानीत, मोरेस्बीला नेलं होतं. समुद्रावर बोट घालणं म्हणजे मरणच. उरला फोन, आणि फोनवर बोलायचं ते स्कोलास्टिकाने.

त्या दुपारी सगळे थॉमसच्या घराखाली, खांबांमधल्या सावलीत बसले. म्हातारी सासू खांबाला टेकून सुपारी कुटत होती, तिला दात नव्हते. थॉमसची बायको आगाता मासे भाजत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. माशाची एक बाजू काळी पडली.

"मी सांगतो की नाव," थॉमस म्हणाला. "बाप आहे मी."

"वर्गशिक्षकच पाहिजे म्हणतात," सापाक म्हणाला.

"मग हिने बाजूला उभं राहायचं. मी नाव घेतो, ही हो म्हणेल."

"बघू या तसं," स्कोलास्टिका म्हणाली. "पण तांबू, त्यांनी ऐकलं नाही तर?"

थॉमसने जाळात एक लाकूड सारलं. भावजयीच्या तोंडाकडे सरळ बघायची त्याला रीत नव्हती. तो जाळाकडे बघत राहिला. पोरीचा बाप तो, आणि ज्या म्हातारीचं नाव घ्यायचं तिचा थोरला मुलगाही तोच. भावजयीला आईचं नाव घे असं मुलगा सांगेल कसा, आणि घेऊ नको असं बाप तरी सांगेल कसा?

"मनाई उठवता येते ना?" आगाता म्हणाली. "जेवण घालून?"

"ते हिच्या माहेरच्यांनी घालायचं," सापाक म्हणाला. "तीन बेटं पलीकडून. डुक्कर पोहत येणार का?"

म्हातारीने कुटणं थांबवलं. "मी खडकांवर जाते," ती म्हणाली. "शिंपले वेचायला. मी तिथे नसेनच. हिला काय म्हणायचंय ते म्हणू दे."

"आई, तू नसलीस म्हणून काय होतंय?" थॉमस म्हणाला. "टेकडीवर गाव असतं. गावाने ऐकलं की तू ऐकलंस."

"ते मला ठाऊक आहे, शहाण्या. तुझ्या आजीचं नाव चुकून माझ्या तोंडून गेलं होतं, तेव्हा तू पाळण्यात होतास." म्हातारी सुनेकडे वळली. "हे बघ पोरी. मला काही वाटणार नाही. पण मला वाटून घ्यावंच लागेल. ते माझ्या हातात नाही."

"कळलं, आई."

"कळलं म्हणतेस, पण तुला कळलेलं नाही. तुझी माणसं इथे नाहीत. पुढे तुझ्या बाजूने कोण उभं राहील?"

सगळा वेळ पोरगी शिडीच्या वरच्या पायरीवर बसून होती. कोणी तिला विचारलं नाही. स्कोलास्टिकाने एकदा वर बघितलं. पोरीने गुडघ्यांभोवती हात घट्ट आवळले होते, जसे ती परीक्षेत पेपर हाती येण्याआधी आवळायची.

गुरुवारी वारा जरा पडला. स्कोलास्टिका टेकडी चढली. मागून सापाक, थॉमस, आगाता, पोरगी आणि तिचा धाकटा भाऊ. म्हातारी खडकांकडे गेली होती. नारळापाशी नेहमीसारखी माणसं होती. कोणी मुलाला पैसे पाठव म्हणून सांगत होतं, कोणी नुसतंच ऐकत होतं. ही मंडळी आली तशी ती कुजबुजायला लागली, पण खाली कोणी उतरलं नाही. पालुआनला अशा गोष्टी लपवून ठेवता येत नाहीत.

बऱ्याच वेळाने फोन लागला. पलीकडचा कारकून तरुण असावा, आवाजावरून वरच्या डोंगराळ मुलखातला.

"बोला, बाई."

"उर्सुला थॉमसचं नाव चुकलंय. ती खरी आमचीच मुलगी आहे. तिचं दुसरं नाव आहे."

"कोणतं?"

"तिच्या आजीचं."

"आजीचं नाव काय?"

"तिची आजी माझी सासू लागते."

"बाई," कारकून म्हणाला, "मला तुमची सोयरीक नकोय. नाव पाहिजे."

नारळापाशी कोणी हसलं नाही. थॉमस पुढे झाला आणि फोनजवळ तोंड नेऊन मोठ्याने म्हणाला, "न्यालेन. न्यालेन थॉमस."

"हा कोण?"

"मुलीचा बाप," स्कोलास्टिका म्हणाली. "तो म्हणतो तेच नाव. मी हो म्हणते, लिहा."

"असं नाही चालत. या महिन्यात माझ्याकडे बापांचे एवढे फोन आलेत. प्रत्येकाची मुलगी तीच असते. नाव तुम्ही पाठवलंत, तर दुरुस्ती तुम्हीच सांगायची. पूर्ण नाव, तुमच्या तोंडून. मागे माणसं बोलतायत तीही मला ऐकू येतायत."

"मी एकेक अक्षर सांगते."

"सांगा."

तिने पहिलं अक्षर सांगितलं, दुसरं सांगितलं. वाऱ्याने तिसरं खाल्लं. कारकुनाने वाचून दाखवलं ते भलतंच होतं. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा भलतंच. तिसऱ्यांदा अक्षरं सांगायला लागली तेव्हा दिराचा धाकटा पोरगा, जो तिच्याच शाळेत वाचायला शिकला होता, ती अक्षरं पुटपुटत जोडायला लागला. आगाताने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"बाई, मागे रांग आहे," कारकून म्हणाला. "सांगताय का ठेवू?"

स्कोलास्टिकाने सापाककडे पाहिलं. सापाक समुद्राकडे बघत होता. थॉमसने तिच्याकडे पाठ फिरवली होती. त्या पाठीवरून तिला कळलं की तो जा असंही म्हणणार नाही आणि थांब असंही नाही. आपल्याला ऐकायला लागू नये म्हणूनही ती पाठ होती, आणि आपल्यासमोर तिला बोलायला लागू नये म्हणूनही.

"न्यालेन," ती म्हणाली. "न्यालेन थॉमस."

आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा आला.

"हो, बाई," मागून पोरगी म्हणाली. वर्गात म्हणायची तशी, नकळत. आणि मग तिने ओठ आवळून घेतले.

"न्या-लेन," कारकून लिहिता लिहिता म्हणाला. "थॉमस. बरोबर. एवढं सोपं होतं की, बाई."

"मग जागा?"

"जागेचं असं आहे..." कागद चाळल्याचा आवाज आला. "यादी बंद झालीय."

"शुक्रवारपर्यंत म्हणाला होतात. आज गुरुवार आहे."

"गुरुवारच आहे. पण साहेब सुट्टीवर निघाले, म्हणून काल सकाळीच सह्या झाल्या. तुमच्या मुलीची जागा पुढच्या नंबराला दिली. तीही कुणाची तरी मुलगीच. मी तुमचं नाव प्रतीक्षेत ठेवतो."

"प्रतीक्षेत म्हणजे?"

"म्हणजे ठेवतो."

"आणि पुढच्या वर्षी?"

"जन्मतारीख बघतो. पुढच्या वर्षी वय निघून जातंय." तो वाईट माणूस नसावा. "मला आधी कळलं असतं, बाई, तर मी काहीतरी केलं असतं. तुम्ही पहिल्यांदाच नीट नाव द्यायचं होतं."

ती टेकडीवरून उतरली तेव्हा बाकीचे पुढे निघून गेले होते. पायवाटेवर सापाक एकटाच थांबला होता.

"फुकट गेलं," तो म्हणाला.

"हो."

"आधी यादी विचारायची होतीस. मग नाव घ्यायचं होतं."

हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, त्याच्याही आलं नव्हतं, आणि आता लक्षात येऊन काही उपयोग नव्हता.

संध्याकाळच्या आत म्हातारीने सापाकच्या घरातली आपली चटई गुंडाळली, चुना ठेवायचा भोपळा काखेत घेतला आणि ती थोरल्याच्या घरी राहायला निघाली. जाताना तिने सुनेच्या चुलीपाशी ओल्या फडक्यात बांधलेले शिंपले ठेवले. बोलली काही नाही. तिला बोलायचं नव्हतं असं नाही. नाव घेतलेल्या सुनेशी सासू बोलत नाही, हे तिच्या आईने पाळलं होतं, आणि तिच्या आईच्या आईने.

रविवारी मिस्सा संपल्यावर लोक नेहमीसारखे सावलीत बसले. स्कोलास्टिका बायकांच्या मागे, भिंतीपाशी उभी राहिली. ज्या बाईने तांबू मोडलं, तिने माहेरचं जेवण घालेपर्यंत गावासमोर तोंड उघडायचं नसतं. हे तिला कोणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. तिचा भाऊ दोन वर्षांपूर्वी बुडाला होता. बाप थकलेला. समुद्र उघडल्यावरही जेवण घेऊन येणार कोण, हा प्रश्नच होता. ऑटो नावाचा धर्मशिक्षक पायरीवर आला आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, "शाळेची खबर नाही. बुधवारी दफनभूमीतलं गवत कापायचंय. कोयते आणा."

अल्फोन्सचा बाप काहीतरी बोलायला गेला आणि त्याने सुपारीच तोंडात टाकली. लोक लवकर उठले.

त्या आठवड्यात आगाता मागच्या दाराने आली. तिला यायला मनाई नव्हती, जावाजावांत बोलणं चालतं. ती चुलीपाशी बसली आणि सागोची भाकरी उलटवायला लागली, जणू घर तिचंच होतं.

"मी तिला काय सांगू?" ती म्हणाली. "पोरगी काही विचारत नाही, म्हणून जास्त त्रास होतोय. विचारलं असतं तर ओरडले असते."

"ती माझ्यावर रागावली आहे का?"

"तुझ्यावर? तिच्या बापाला ती म्हणाली, बाईंनी माझ्यासाठी नाव घेतलं. तो जेवण टाकून उठला." आगाताने भाकरी काढली. "तो तुझ्याशी बोलेल का, हे मी त्याला विचारलं नाही. पोरीसाठी नाव घेतलं म्हणून तुझे पाय धरावेत असं त्याला वाटतं, आणि आईचं नाव घेतलं म्हणून तुला तोंड दाखवू नये असंही. तर तो दिवसभर जाळी विणत बसतो. एवढी जाळी कशाला, मासे तेवढे आहेत का समुद्रात?"

स्कोलास्टिका हसली, आणि मग तिला हसू आवरावं लागलं, कारण ते हसण्यासारखं राहिलं नाही.

"सोमवारी तिला पाठव," ती म्हणाली. "शाळा उघडतेय. आठवीतच बसू दे."

"वय बसत नाही म्हणाला ना तो?"

"परीक्षेला बसत नाही. वर्गात कोण बघतंय? मला पुढचं जे थोडंफार येतं ते मी शिकवीन."

"पुढे काय?"

"पुढे मला माहीत नाही, आगाता."

आगाताने ते ऐकून घेतलं. खोटं सांगितलं असतं तर कदाचित तिला बरं वाटलं असतं.

सोमवारी पोरगी आली. मागच्या बाकावर बसली. नव्या आठवीची पोरं तिच्याहून लहान होती आणि तिच्याकडे वळून वळून बघत होती, कारण गावात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. स्कोलास्टिकाने तिला नववीचं पुस्तक दिलं, ब्रदर क्लेमेन्सच्या कपाटातलं, कोपरे उंदराने खाल्लेलं. पोरीने ते उघडलं आणि दिवसभर वाचलं. मंगळवारीही आली. मंगळवारी तिने एक गणित विचारलं आणि स्कोलास्टिकाला ते येईना. दोघी त्यावर मधली सुट्टी संपेपर्यंत बसल्या, तरी सुटलं नाही.

"राहू द्या, बाई," पोरगी म्हणाली.

बुधवारी ती आली नाही. गुरुवारीही नाही. गुरुवारी मधल्या सुट्टीत स्कोलास्टिका शाळेच्या मागून दलदलीकडे गेली. सागोची झाडं सुरू होतात तिथे पाणी घोट्याला लागतं, आणि आत माणसं दिसत नाहीत, नुसता आवाज येतो. दोघी मायलेकी सागो कुटत होत्या. एक आवाज जुना, सरावाचा, न थकणारा. दुसरा अजून नवा होता, मध्येच चुकायचा, पण पहिल्याला धरून चालायचा प्रयत्न करीत होता. स्कोलास्टिका ऐकत उभी राहिली. हाक मारायची तर कोणत्या नावाने मारायची, तेही तिला ठरवता येईना. ऐकता ऐकता दुसरा आवाज पहिल्यात बसला, आणि मग दोन्हींतला फरक कळेनासा झाला.

शाळेची घंटा झाली. तिने ओल्या पायांनी वाट धरली.